शकीलाचं पहिलं बोट

शकीला गेली, त्या दिवशीसुद्धा मला तिचा हेवा वाटला.

सिल्लोडला तिच्या घरासमोर गाडी लावायला जागा नव्हती. तिच्या कापसाच्या जिनिंग मिलवरच्या हमालांपासून युनिव्हर्सिटीच्या सरांपर्यंत सगळे आलेले.

मी मेले तर सोसायटीतले चारजण तरी येतील का, असा विचार आला. खरंच आला.

बीकॉमला आम्ही एका बेंचवर. मी औरंगाबादच्या छावणीतली, ती सिल्लोडच्या कापूस दलालाची एकुलती एक. मार्क तिला जास्त. अक्षर तिचं सुंदर. डबासुद्धा तिचाच आधी संपायचा, कारण तो मीच खायचे.

एमबीएला दोघींचा नंबर पुण्यालाही लागला आणि इथल्या युनिव्हर्सिटीतही.

पुण्याचं नाव मोठं, इथलं घराजवळ. आम्ही नुसती चर्चा करत बसलो. मनातलं एकीनंही सांगितलं नाही.

शेवटी तिचे अब्बा वैतागले. मी त्यांना चाचा म्हणायचे.

कापसाच्या सौद्यात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. हातावर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं दाबायची. बघणाऱ्यांना काही कळत नसे. चाचांनी तोच रुमाल काढला.

"एक बोट पुणं, दोन बोटं औरंगाबाद. एकेकीनं या."

मी पटकन एक दाबलं.

मग शकीला गेली. तिचा हात रुमालाखाली बराच वेळ होता.

हात बाहेर काढला आणि म्हणाली, "मी इथंच. मला काय पुण्याची गरज नाय."

हे वाक्य पुढं आयुष्यभर मला टोचलं. म्हणजे गरज मला होती!

मी पुण्याला गेले. मोठ्या नावाची डिग्री घेतली आणि एका कंपनीत दुसऱ्यांचे अप्रेझल भरता भरता केस पांढरे केले.

तिनं इथं शिकून घरची जिनिंग मिल हातात घेतली. शेतकरी तिला विचारून कापूस विकायचे. दिवाळीला माहेरी आले की माझी सख्खी आई म्हणायची, शकीलाकडं बघ जरा.

परवा तिच्या चाळिसाव्या दिवसाच्या दुआला गेले. चाचा फार थकलेत. त्यांच्याजवळ बसले आणि न राहवून बोलून गेले, तुमची लेक नशीबवान, तिला पुण्याची गरजच पडली नाही.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला.

आत माझं एक बोट दाबलं.

चाचा थांबले.

मग दुसरं दाबलं.

"असं केलं हुतं तिनं. तिची अम्मी तवा अंथरुणाला खिळलेली. सौद्यात पहिलं बोट दिलाचं असतंय बेटी, दुसरं समजुतीचं. मला दोन्ही कळली. मी दुसरं धरलं."

त्यांनी रुमाल परत खांद्यावर टाकला.

"तू सुट्टीत यायची, पुण्याच्या गोष्टी सांगायची. तू गेली की ही दोन दिवस कुणाशी बोलायची नाय."

म्हणजे तीसुद्धा!

इतकी वर्षं मला वाटत होतं, हेवा करायचं काम मी एकटीच करतेय.

शकीला, सांगायचंस ना गं. तुझ्या एका वाक्याशी मी जन्मभर भांडत बसले, आणि ते वाक्यच खरं नव्हतं.

श्रद्धांजली वाहायला तुझी माणसं पुष्कळ आहेत. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

तरी जा, सुखानं जा. आता तरी दुसरं बोट दाबू नकोस.