धावपट्टीचं शेपूट

श्यामकांतचं विमान पहिल्याच उड्डाणात ठमाबाईंच्या डोक्यावर उतरलं. नेमकं सांगायचं तर डोक्यावरच्या पाटीत, आणि पाटीतल्या मडक्यावर. मडक्यात सुकटीचं कालवण होतं. ते आधी ठमाबाईंच्या खांद्यावरून, मग लुगड्यावरून आणि शेवटी ऐसपैस जमिनीवर पसरलं.

विमान तसं निरुपद्रवी होतं. बांबूच्या कामट्या, पतंगाचे ताव आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या पिळून फिरणारा पंखा. अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या श्यामकांतने त्याचे अकरा नकाशे काढले होते. त्यातल्या एकाही नकाशात ठमाबाई नव्हत्या. १९५२ सालच्या मार्गशीर्षातल्या त्या रविवारी तो पालेगावच्या पुढच्या माळावर, लढाईच्या दिवसांत बांधलेल्या धावपट्टीवर आला तो एवढ्याचसाठी, की तिथे चिटपाखरूही नसतं असं त्याला कारखान्यातल्या चौघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते चौघे तिथे कधी गेलेले नव्हते.

शिट्टी वाजली. कमरेला रुमाल, उघडं अंग, डोक्यावर खाकी टोपी, एका हातात लाल बावटा आणि दुसऱ्या हातात हिरवा, असा एक पन्नाशीचा गृहस्थ धावत आला. हे भगवंतदादा, ठमाबाईंचे यजमान. आपल्या बायकोच्या अंगावर कालवण सांडलंय म्हणून हा माणूस आता बावट्याची काठी आपल्या पाठीत घालणार, अशी श्यामकांतने मनाची तयारी केली.

"माफ करा हं दादा. वहिनींना लागलं का फार—"

"तिचं सोड! वारा कुठचा हाय?"

श्यामकांतने बोट ओलं करून वर धरलं. "पश्चिमेचा."

"आनि तुजं इमान कुठशी आयलं?"

"तेही... पश्चिमेकडूनच."

"म्हंजे वाऱ्याच्या पाठीवर बसून आयलं! अरे, इमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. एवढी पाटलोन घालतंस, आनि तेवढं पन कोनी शिकवला नाय?"

"आनि माज्या डोक्याला टेंगूल आयलाय त्याचा क?" ठमाबाईंनी मागून विचारलं.

"तुजं टेंगूल उतरंल गो. यो डाग कसा उतरंल?" भगवंतदादा जमिनीवरच्या कालवणाकडे बघत म्हणाले, आणि त्यांनी श्यामकांतच्या हाती खुरपं दिलं.

तासभर खपून श्यामकांतने तेलकट मुरूम खरवडला, नवा भरला आणि धुमस मारमारून सपाट केला. धुमस म्हणजे लाकडी दांड्याचा ठोकळा. तो उचलल्याशिवाय किती जड असतो ते कळत नाही, आणि कळल्यावर खाली ठेवायची परवानगी नसते. काम पुरं होईपर्यंत ठमाबाईंनी त्याला उरलेली भाकरी आणि नवऱ्याची सगळी हकीगत, दोन्ही वाढलं.

हकीगत अशी. लढाईत सरकारने धावपट्टीसाठी माळावरची जमीन घेतली. पट्टीचं पश्चिमेकडचं टोक, म्हणजे तिचं शेपूट, आलं ते नेमकं भगवंतदादांच्या भातशेतावर. ओढ्याकाठचं एक खाचर तेवढं मागे राहिलं. शेत गेलं तर दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता. भगवंतदादा दुसऱ्या दिवशी त्याच शेतावर मुरूम टाकायला मजूर म्हणून हजर झाले. "माज्या शेताला उतार कुठं हाय तो ह्यांना क ठाऊक?" एवढंच म्हणाले. पुढे एका गोऱ्या सार्जंटने त्यांना बावटे दाखवायला शिकवलं, शिट्टी दिली. विमानं येऊ लागली. पण यायची ती पूर्वेकडून, वाऱ्याला तोंड देऊन, आणि अर्ध्या पट्टीतच थांबायची. शेपटाकडच्या टोकापर्यंत एकही आलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी दर खेपेला आपल्या पानाच्या चार पानं अलीकडूनच परत फिरावा, तसं भगवंतदादांचं होऊन बसलं. मग लढाई संपली. जाताना सार्जंट त्यांच्या पाठीवर थाप मारून "रेडी, रेडी" असं काहीतरी म्हणाला. तयारीत राहू नका, असं त्यानंतर कोणीच येऊन सांगितलं नाही. भगवंतदादा सात वर्षं तयारीत होते.

म्हणजे रोज सकाळी झाडू. गुरं आली की शिट्टी. वारा दाखवायला खांबावर कापडी पिशवी. ही पिशवी तर खास होती. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात एका सिंधी दुकानदाराकडे, लष्करी छावणी उठल्यावर मागे राहिलेल्या मालात, पॅराशूटचं रेशमी कापड होतं. वालाच्या शेंगांच्या दोन पाट्या देऊन भगवंतदादांनी त्याचा तुकडा आणला.

"काका, इसका क्या सिलाओगे?" दुकानदाराने कौतुकाने विचारलं होतं. "काकी का ब्लाउज?"

"नाय. हवा को पेहनाएगा."

दुकानदाराने तो तुकडा पुन्हा एकदा नीट न्याहाळून पाहिला. ठमाबाईंनी मात्र पुढे चार दिवस चुलीशी बोलणं पसंत केलं.

त्या रविवारनंतर श्यामकांत दर रविवारी पालेगावला जाऊ लागला. विमान उडवायला जातो असं तो घरी सांगे. खरं म्हणजे तो झाडायला जाई. भगवंतदादा त्याला "मास्तर" म्हणत. मी मास्तर नाही, ड्राफ्ट्समन आहे, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. "मंग लहान मास्तर," असा तोडगा निघाल्यावर त्याने तो नाद सोडला.

पौषात एका रविवारी ठमाबाई त्याला वाटेतच आडव्या आल्या. पदराखालून त्यांनी एक कागद काढला.

"भावजी, वाचा. गुपचूप वाचा."

कागद जमिनीच्या कचेरीतला होता. धावपट्टीचा पश्चिमेकडील शेवटचा तुकडा वापरात नसल्याचं आढळल्यास तो मूळ मालकास परत देण्याचा विचार आहे, सबब येत्या रविवारी कचेरीतले साहेब समक्ष पाहणी करतील, असा मजकूर.

"वहिनी! शेत परत मिळतंय तुमचं!"

"हलू! ह्यांना ऐकू जायल." ठमाबाईंनी पट्टीकडे बघितलं. तिथे भगवंतदादा उकिडवे बसून एकेक खडा वेचत होते. "लगीन होऊन आयले त्या साली सासऱ्यांनी माज्या हातानं भाताच्या रोपांची पयली आवनी करून घेतली त्या शेतात. मुरूम उपसाला दोन वर्सं लागतील, लागू द्या. मी उपशीन. पन साएब आयला आनि ह्यांनी आरशावानी झाडलेली पट्टी बघितली, तर तो म्हनंल क वापरात नाय म्हनून? तुमी समजवा त्यांना. माज्या टेंगलाची आन हाय तुमाला."

टेंगळाची आण मोडणं श्यामकांतला शक्य नव्हतं. तो जाऊन भगवंतदादांशेजारी बसला, त्याने कागद वाचून दाखवला आणि हळूच विषयाला हात घातला.

"दादा, फक्त एक आठवडा झाडू नका. गवत नाही म्हणत मी. नुसता पालापाचोळा पडू द्या."

"आनि त्याच आठवड्यात इमान आयलं तर?"

"सात वर्षांत आलं नाही, दादा."

"म्हनून तर आता येल. किती दिवस नाय येनार?"

या हिशोबापुढे अकरा नकाशे काढणारा माणूसही हतबल झाला. "अहो, पण शेत मिळेल! वहिनींचं तरी मन बघा."

"तिला सांग, एक चाक फिरू दे माज्या शेतावरून. एकच. मंग सरकारला म्हनावं, न्या तुमचा मुरूम."

ठमाबाईंनी मग स्वतःच पदर खोचला. शनिवारी संध्याकाळी त्यांनी गावातल्या आठ घरांतून शेण गोळा केलं आणि पट्टीच्या शेपटाकडच्या टोकावर, जिथे जागा दिसेल तिथे, सहाशे शेण्या थापल्या. वापरात नसलेल्या जमिनीचा याहून सज्जड पुरावा ठाणे जिल्ह्यात कोणी दिला नसेल.

रविवारी श्यामकांत पोचला तेव्हा तो पाहतच राहिला. पट्टी लख्ख होती. सहाशेच्या सहाशे शेण्या भगवंतदादांनी फळीवर उचलून दोन्ही कडांना सुतात मांडल्या होत्या, आणि प्रत्येक शेणीवर चुन्याचा हात मारला होता. दूरवर दोन पांढऱ्याशुभ्र रेघा गेल्या होत्या.

"मास्तर, काठ दिसत नव्हता वरून," भगवंतदादा खुषीत म्हणाले. "तुज्या वहिनीच्या डोक्यात बरा आयला."

वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायची श्यामकांतची छाती झाली नाही.

दुपारी साहेबांचा टांगा अंबरनाथकडून आला. विष्णुपंत नावाचे हे साहेब वाळके, छत्रीवाले आणि नियमाने चालणारे होते. जेवणसुद्धा राहिलं होतं त्यांचं. टांगा पट्टीवर चढतोय तोच शिट्टी वाजली आणि लाल बावटा आडवा आला.

"मागं! इकरून नाय! वारा पश्चिमेचा हाय!"

"अहो, टांगा आहे हा," विष्णुपंत छत्रीतून म्हणाले.

"पट्टीवर उतरताय ना? मंग वाऱ्याला तोंड देऊन उतरा. तिकरून या, फेरा मारून."

टांगेवाल्याने साहेबांकडे बघितलं, साहेबांनी बावट्याकडे. मग काय वाटलं कोण जाणे, टांगा वळला. माळावरून खड्ड्याखड्ड्यांतून मैलभराचा फेरा घेऊन तो पूर्वेच्या टोकाला गेला आणि तिथे थांबला. भगवंतदादांनी वर वाऱ्याची पिशवी बघितली, पट्टीवर गुरं नाहीत याची खात्री केली, आणि हिरवा बावटा असा दाखवला, की इकडे श्यामकांतचंही पाऊल आपोआप मागे सरकलं. टांगा दुडक्या चालीने दोन पांढऱ्या रेघांमधून आला आणि शेपटाच्या टोकाशी थांबला.

विष्णुपंत उतरले. रागावतील असं वाटलं होतं; पण त्यांचा चेहरा देवळातून आल्यासारखा झाला होता.

"सव्वीस वर्षं नोकरी झाली माझी," ते म्हणाले. "नियमासाठी मला मैलभर फिरवणारा माणूस आज भेटला." मग त्यांनी छापील फॉर्म काढला. "बरं, जागा वापरात आहे का?"

"नाय!" ठमाबाई म्हणाल्या.

"तयार हाय," भगवंतदादा म्हणाले.

"'तयार' असा रकाना नाही. वापरात आणि बिनवापर, दोनच आहेत. विमान आलंय का इथे कधी?"

श्यामकांतला हायसं वाटलं. खोटं बोलणं भगवंतदादांना जमणार नव्हतं, म्हणजे शेत वाचलंच.

"ह्या टोकाला एक पन नाय आयलं, साएब."

"ऐकलात ना?" ठमाबाई पुढे झाल्या. "लिवा. बिनवापर लिवा."

विष्णुपंतांनी लेखणी टेकवली. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. त्यांनी वाकून एका शेणीला बोट लावलं. बोट पांढरं झालं.

"ओला आहे चुना," ते म्हणाले. "आजचा. खुणा आज केल्यात म्हणजे वापर चालू आहे. विमान येणं न येणं हे विमानाच्या खात्याकडे. मी जमिनीचा माणूस." आणि त्यांनी 'वापरात' या रकान्यात वळणदार फुली मारली.

टांगा गेला. जाताना अर्थातच वाऱ्याला तोंड देऊन. ठमाबाई बराच वेळ शेण्यांच्या रांगेकडे बघत राहिल्या. मग त्यांनी डोळ्यांवर हात धरून रिकाम्या आभाळाकडे बघितलं.

"ये मेल्या आता तरी एकदाचं," त्या कोणाला तरी म्हणाल्या, आणि पदराने नाक पुसत ओढ्याकाठच्या खाचराकडे चालू लागल्या.

श्यामकांतला राहवेना. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भगवंतदादांवर आवाज चढवला.

"दादा, हातात आलेलं शेत घालवलंत तुम्ही! वहिनींनी त्यात भात लावला असता. विमान काय, पलीकडच्या टोकाला उतरेल नाहीतर दुसरीकडे कुठे. तुमच्याच शेतावर कशाला हवंय ते?"

भगवंतदादांनी लाल बावटा हिरव्यात गुंडाळला आणि काखेत मारला.

"भात चिखलात पन होतो, मास्तर; इमानाला सपाट लागतं."