काकांचा कौल

आमच्या चुलत सासऱ्यांएवढा देव मानणारा माणूस अख्ख्या भांडुपात सापडायचा नाही, आणि देवाचं इतकं न ऐकणारा पण नाही. मी सातवी शिकलेली, मला नीट मांडता येत नाही, पण सांगते. गावच्या देवळात कौल लावतात ना, तो काकांनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आणलाय. कोनाड्यात देवाचा काळा दगड, त्याच्या दोन्ही अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं, उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नको. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा डावी पडली, मी म्हटलं संपलं, तर काका म्हणाले देव आपल्याकडे तोंड करून बसलाय, त्याची उजवी आपल्याला डावीच दिसणार. फ्रिज आला. पुढच्या महिन्यात सोफ्याला उजवी पडली, पण काकांना सोफा नको होता, तर म्हणे पंखा चालू होता, वाऱ्याने पडलेली धरत नाहीत.

शेजारचे रिटायर मास्तर एकदा वैतागून म्हणाले की तुम्ही आधी ठरवता आणि पुरावा मागून शोधता, तुमच्या देवाचं पण तसंच, आधी मानलात, कारणं नंतर. सगळी चाळ गॅलरीत उभी. काका सुपारी कातरत म्हणाले, "मगे? आवशीक आवस म्हणतास, ता काय जन्मदाखलो बघून?" गोष्ट आईवर आली तसे मास्तर चहा न घेता गेले. मला असलं भारी वाटलं ना, माहेरी फोन करून सांगितलं.

मग माझ्या मुलीच्या हृदयाला भोक निघालं. दीड वर्षाची होती, दूध पिता पिता निळी पडायची. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन लगेच करा, सही द्या. मला काही सुचेना, ह्यांना पण नाही, मी पाकळ्या भिजवून काकांच्या पुढ्यात उभी राहिले, म्हटलं काका विचारा ना, हो म्हणाला तर सही करते. त्यांनी पाकळ्या घेतल्या, दगडापर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"ह्या येळाक नाय इचारणंय गो," म्हणाले. "डावो दिल्यान तर माका कारण गावाचा नाय."

फ्रिजला, सोफ्याला कारण सापडलं होतं, ह्याला सापडायचं नाही म्हणे. हात तेवढे जोडून बसले होते. मी बघितलं आणि तशीच जाऊन सही केली. भीती गेली नव्हती, पण केली.

आता पोरगी पाच वर्षांची आहे, जिना धावत चढते. काकांना हल्ली नीट दिसत नाही, कुठली पाकळी पडली ते तिलाच विचारतात. ती खरं ते सांगते, डावी पडली आजोबा. मग काका सावरून बसतात, तिला समजवायला लागतात, आणि ती मांडीवर रेलून पुढे काय, पुढे काय करते. त्यांचा आवाज आता खोल गेलाय. मी मिक्सर बंद करून ऐकते.