सुभेदारांच्या तळघरातली डबी

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. ते रेडॉनसारखे असतात. जमिनीतून निघतात आणि बंद घरात साचत राहतात. (ही उपमा वर्गात कधी सुचली नाही. निवृत्तीनंतर सुचून काय उपयोग!)

रेडॉन म्हणजे माती-दगडातून येणारा किरणोत्सारी वायू. कोंदट खोलीत वर्षानुवर्षं छातीत गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. विडी ओढणाऱ्याला धोका जास्त. तो मोजायला माझी एक जुनी विद्यार्थिनी प्लास्टिकच्या डब्या देते. आत फिल्मचा तुकडा, रेडॉनच्या खुणा त्यावर उमटतात. खोलीत टांगायची, तीन महिन्यांनी परत द्यायची. मित्र-नातलगांकडे या डब्या टांगायचं काम मी अंगावर घेतलं. मी भौतिकशास्त्राचा डॉक्टर. खिळा मात्र मारता येत नाही.

*

कराडच्या बशीरभाईंचं भांड्यांचं दुकान. खालच्या गोदामात ते दुपारी झोपतात. मी रेडॉन समजावला.

"वास न्हाई, रंग न्हाई, दिसत न्हाई," ते म्हणाले. "सर, असला माल गिऱ्हाइकाला दाखवायचा कसा?"

अर्धा तास बोललो. शेवटी त्यांनी डबी ठेवून घेतली, आणि मला एक कुकर विकला!

*

कोयनानगरला माझे साडू.

"साडूभाऊ, धरणी हलली की आमी बाहेर पळतो. तुमचा गॅस हलवतबी न्हाई. त्याला भ्यायचं कसं?"

मी खिळा मागितला. तोही त्यांनीच मारला.

*

सांगलीला विश्रामबागेत आमच्या थोरल्या वहिनी. त्यांच्या डबीचा आकडा बघून विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, हे घर आहे की भुयार?"

मी पहिली एसटी धरली. वाटेत सगळ्या घरादाराचे एक्स-रे मनात काढून झाले. पोचलो तर कळलं, वहिनींनी तिन्ही महिने डबी दगडी भिंतीतल्या फडताळात, पैठण्यांच्या मागे, कुलूप लावून ठेवली होती!

"अहो भावजी, दुसऱ्याची वस्तू! हरवली असती म्हणजे?"

*

घरी मी रेडॉनच्या भीतीनं खिडकी उघडतो. धुळीच्या भीतीनं लावतो. मग पुन्हा रेडॉन आठवतो.

बायको म्हणाली, "एकदाचं ठरवा हो. खिडकीला चक्कर आली असेल!"

*

खरी काळजी होती ती सुभेदारांची. फौजेतून निवृत्त, साताऱ्याजवळ ऊस, नव्या बंगल्याखाली गार तळघर. झोप तिथेच, विडी तिथेच, आणि एकुलती एक खिडकी गच्च बंद. वर खोकला.

"सुभेदार, निदान खिडकी तरी उघडा," मी उन्हाळाभर विनवत होतो.

"सर, बंकरमधी दिवस काढल्यात. गॅस काय करतोय!"

माझीच समजावण्याची पद्धत चुकत असणार. हरून एक डबी टांगली आणि म्हणालो, "इन्स्ट्रुमेंट आहे, जरा जपा."

तीन महिन्यांनी गेलो. तळघराची खिडकी सताड उघडी! वर एक्झॉस्ट फॅन घरघरतोय! सुभेदार अंगणात विडी ओढत उभे.

"हे कधीपासून?"

"तुमी डबी टांगली तवापासनं. इश्यू झालेलं सामान हाय, सर. कोंदट जाग्यात खराब झालं तर जबाब कोण देनार?"

"आणि विडी बाहेर?"

"मग? इन्स्ट्रुमेंटच्या तोंडावर धूर सोडू व्हय?"

खोकला कमी वाटला. अर्थात, मलाच तसं वाटलं असेल.

तेवढ्यात त्यांच्या मंडळी पदराला हात पुसत दारात आल्या. "आवं सर, डबी न्हेऊ नगा. तुमची पाठ वळली की खिडकी परत गच्च लावनार हायती ह्ये."

"मग लावू नको व्हय? सामान जमा झालं, ड्युटी संपली," सुभेदार म्हणाले.

मी खाली गेलो. स्टुलावर चढलो. डबी काढली, उघडली, पुन्हा बंद करून होती तिथेच टांगली.

"सर, न्हेत न्हाई?"

"नाही सुभेदार. हिला मुदतवाढ मिळाली."

"कवापर्यंत?"

"हिला रिटायरमेंट नाही."

सुभेदारांनी टाचा जुळवल्या आणि डबीला कडक सॅल्यूट ठोकला.

फिल्म माझ्या खिशात होती.