बेटावरचं माळवद

पत्रातली थाप अस्मादिकांची होती, हे आधीच कबूल केलेलं बरं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर पाटोद्याच्या वैजिनाथअप्पांना त्यांच्या भाचीचं पत्र आलं. अप्पा छपराच्या पत्र्यांचे दुकानदार, आणि भाची ईश्वरी पुण्यात घरं बांधायचं शिकलेली. अंदमानाकडच्या एका बेटावर ती पाहुण्यांना उतरायला झोपड्या बांधत होती. सिमेंट नाही, लोखंड नाही, वीजही नाही. तिला मातीचं सपाट छत, म्हणजे आपलं माळवद, घालणारा माणूस हवा होता. विचारलं एवढंच होतं, पाऊस किती सोसतं? अप्पांनी पत्र आमच्या वाडीतल्या माळवदवाल्या सुग्रीवकडे धाडलं आणि उत्तर लिहायला अस्मादिकांना बसवलं. बारावी नापास असलो तरी अक्षर वळणदार. सुग्रीव म्हणाला, आपल्याकडचा पाऊस सोसतं म्हणून लिव्ह. झड लागली की गळतं, मग वर माती टाकावी लागती, हेबी लिव्ह. एवढं पाल्हाळ कोण लिहीत बसणार? गावाची इज्जतही होतीच. लिहून टाकलं, 'कितीही पाऊस पडो, थेंब गळत नाही.'

पंधरा दिवसांत मद्रासचं रेल्वेचं आणि पुढचं बोटीचं तिकीट हजर.

सुग्रीवच्या घरी चाळीस मेंढरं आणि चार एकर मुरमाड. पण पंचक्रोशीत त्याची ओळख माळवदाची. तुळयांवर किलच्या, म्हणजे लाकडाच्या ढलप्या, त्यांवर लिंबाचा पाला, त्यावर माती, सगळ्यात वर जुन्या पडक्या भिंतींची पांढरी माती, आणि चोपण्यानं अशी चोपायची की वर वाळवण घालावं. उन्हाळ्यात त्याच्या माळवदाखाली झोपलेला माणूस चार वाजल्याशिवाय उठत नसे. मग भूकंप झाला. झाला तिकडं लातुराकडं, पण माळवदं आमच्याकडचीही उतरली. डोक्यावर एवढी माती घेऊन झोपायची कुणाची छाती होईना. अप्पांच्या दुकानासमोर पत्र्यांसाठी बैलगाड्या लागल्या आणि सुग्रीवला तीन वर्षं कुणी हाक मारली नाही. बायको अंजना म्हणे, मेंढरांमागं जा, त्यांना तरी तुमी लागताव. मरायच्या आत एक माळवद कुठंतरी उभं राहावं, हात वाया गेला नाही एवढं कळावं, इतकंच त्याला हवं होतं. ते समुद्रापलीकडं असलं तर असलं.

तो गेला तो पांढऱ्या मातीची दोन पोती घेऊन. तिकडच्या मातीचा काय भरवसा?

बेटावर पहिल्या दिवसापासून त्याचं डोकं चालेना. एका रात्रीचं भाडं बाराशे, आणि तेही वीज नाही म्हणून. वाडीत दिवसाचे दहा तास वीज नसते, तिथं कुणी दमडी देत नाही. पाहुण्यांकडं भारी चपला होत्या, पण फिरत अनवाणी. संडासात पाण्याऐवजी राख टाकायची, पुढं त्याचं खत करायचं. सुग्रीवनं ईश्वरीला हळूच विचारलं, "ताई, ह्याच्यासाठी हे लोक एवढ्या लांब आले? मी त्यांला आमच्या वाडीत नेलं असतं." ती हसली. मुंबईच्या एका जोडप्यानं तर त्याच्याबरोबर दिवसभर भिंतींसाठी चिखल तुडवला आणि संध्याकाळी त्याचेच आभार मानले. आता मजुरीचा रोज कुणी कुणाला द्यायचा?

बेटावर होडी चालवणारा आणि झावळ्यांची छपरं शाकारणारा एक एतवा होता. त्याचा आजा रांचीकडून आलेला. एप्रिलात माळवद पुरं झालं तेव्हा तो भोवती फिरून फिरून बघत राहिला.

"दादा, ढाल किधर है?" त्यानं छपराचा उतार विचारला.

सुग्रीवनं पाणी जायची पन्हाळ दाखवली. एतवानं बिडी पेटवली आणि होडीकडं वळला. सुग्रीवला वाटलं, गार झाला गडी.

मे महिन्यात तिथं झड लागली ती उघडायचं नावच घेईना. दुसऱ्या दिवशी माळवद गळलं. अशा वेळी पाटोद्याचा माणूस जे करतो तेच सुग्रीवनं केलं. टोपलं घेतलं, वर चढला, गळतीवर माती टाकली आणि पायानं दाबली. थेंब थांबला. मग दुसरीकडं गळलं. पुन्हा टोपलं. दोन्ही पोती संपली, तेव्हा तो तिथली माती वर नेऊ लागला. आपल्याकडं तासाभरात ऊन पडतं आणि माती धरते. इथं ती नुसती पाणी पीत बसली आणि जड होत गेली. खालून एतवा ओरडत होता, बस करो दादा. पाचव्या दिवशी तुळई करकरली. सुग्रीवनं आतल्या पाहुण्यांना हाताला धरून बाहेर काढलं आणि माळवदानं पलंगावर बसकण मारली. पाहुणे पावसात उभं राहून फोटो काढत होते.

संध्याकाळी ईश्वरीनं ते पत्र काढून वाचून दाखवलं. हे आपलं बोलणं नव्हे, हे सुग्रीवला पहिल्या ओळीतच कळलं. लिहिणाऱ्या पोराचं नाव सांगितलं असतं तर सुटला असता.

"माज्या गावातून आलंय म्हंजी माजंच हाय ते," तो म्हणाला.

तिला वाटत होतं तो भांडेल, त्याला वाटत होतं ती हाकलेल. तिनं पत्राची घडी घातली. मग ती म्हणाली, तुमच्या भिंतीला तडा गेला नाही मामा, पाहुणे भिंतींना हात लावून लावून बघतात. दिवाळीनंतर अजून चार झोपड्यांच्या भिंती घाला, छप्पर एतवा झावळ्यांचं करील. माळवदवाल्यानं नुसत्या भिंती घालायच्या? ही शाबासकी की सुट्टी, ते त्याला उमगलं नाही. बोटीवर सोडताना एतवानं आपली छत्री त्याच्या हातात दिली. अगली बार ले आना.

घरी आल्यावर अंजनानं विचारलं, राहिलं का?

"पडलं," तो म्हणाला. चपला काढत म्हणाला, "पर भिंती लई आवडल्या लोकांला."

"मग रडायचं का हसायचं, ते तरी ठरवा."

दसऱ्याला ईश्वरीचं पत्र आलं, येताय ना? उत्तर लिहायला बोलावणं आलं तेव्हा अस्मादिक मान खाली घालून गेले. सुग्रीव एवढंच म्हणाला की ह्या टायमाला मी सांगन तेवढंच लिव्ह. मग सांगायची वेळ आली. जातो म्हणावं तर माळवदाचं नाव संपलं, नाही म्हणावं तर हात संपला. लिहायला म्हणून त्याच्या घरी तीनदा जाणं झालं, कागद कोराच.

छत्री टपालानं धाडावी म्हटलं, तर टपालवाला एवढी लांब वस्तू घेईना. ती सुग्रीवच्या खुंटीला आहे. वाडीत यंदा तिच्याजोगा पाऊसही झाला नाही.