मावशींच्या चकतीचा फोटो

गल्लीतले सगळे शिंपी त्यांना काजवाल्या मावशी म्हणत. शर्ट कुणीही शिवो, काजं मावशींच्याच मशीनवर व्हायची. तीस वर्षं एकच मशीन. नवऱ्याशीसुद्धा आपलं इतकं पटलं नाही, असं त्या स्वतःच सांगत.

तेच मशीन आता रुसलं होतं. मेकॅनिकने उघडून, साफ करून परत जोडलं आणि तेव्हापासून काजं वाकडी पडू लागली. "आतली चकती झिजलीय, मावशी. आता मिळत नाही ती. शनिवारी टेम्पो आणतो, भंगारात देऊन टाकू," असं म्हणून तो मोकळा झाला. मशीन गेलं तर दिवसभर करायचं काय, हे मावशींना खरंच माहीत नव्हतं.

पण हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सुनेने त्यांना जुन्या शिलाई मशीनवाल्यांचा एक फोरम दाखवून ठेवला होता. तिथे त्यांनी एका बोटाने सगळी कहाणी लिहिली. लोक म्हणाले, चकतीचा फोटो टाका. मावशींनी मशीनचं झाकण काढून फोटो घेतला, कॉम्प्युटरवर उतरवला आणि पोस्टमध्ये टाकला. पडद्यावर चकती लख्ख दिसत होती. खाली उत्तरं आली, फोटो दिसत नाही.

"दिसत नाही काय? डोळे आहेत की बटणं?" मावशी पडद्यावर डाफरल्या आणि तोच फोटो आणखी तीनदा टाकला. शुक्रवार उजाडला तरी तेच.

शेवटी ऑफिसला निघालेल्या सुनेने चपला घालता घालता डोकावून पाहिलं.

"आई, फोटोची ही लिंक आपल्याच कॉम्प्युटरमधल्या फोल्डरची आहे. आमच्या कपाटात वरच्या खणात बघा, असं सांगितलंत तुम्ही त्यांना."

"मग मला कसा दिसतो?"

"कपाट तुमचंच आहे ना. आधी फोटो साइटवर अपलोड करा, मग तिथे मिळेल ती लिंक पोस्टमध्ये चिकटवा."

खणाची गोष्ट मावशींना बरोबर कळली. मापांच्या वहीत त्यांनी एकेक पायरी लिहून घेतली आणि तासभर घाम गाळून फोटो चढवला. मग सुनेला फोन लावला. "तुझ्या मोबाइलवर बघ. दिसतो?" दिसत होता.

दुपारी एका म्हाताऱ्या कारागिराचं उत्तर आलं. 'ताई, चकती झिजलेली नाही, उलटी बसवलीय. घासून चकचकीत झालेली बाजू आत हवी. तुमच्या फोटोत ती बाहेर आहे.'

मावशींनी स्क्रू काढला, चकती पालटली आणि एका चिंधीवर काज घातलं. सरळ. दुसरं घातलं, तेही सरळ. मग त्यांनी अख्खी चिंधी काजांनी भरून टाकली. इतका आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

शनिवारी मेकॅनिक दोरखंड घेऊन हजर. मावशींनी त्याला स्टुलावर बसवलं, त्याच्यासमोर एक काज घातलं आणि पोस्ट उघडून दिली. त्याने ती दोनदा वाचली. त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, तिथे माझं नाव नका हं टाकू."

"नाव कशाला? चिंधी नीट ताणून धरा, फोटो काढायचाय."

वही न उघडता त्यांनी फोटो चढवला, लिंक चिकटवली आणि हाताची घडी घालून बसल्या. मेकॅनिकही थांबला. पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं. त्यात एवढंच होतं, दिसला.