एका स्क्रीनचे दोन भाऊ

नीलेश झाडेच्या पायाला भिंगरी होती. ती त्याच्या आईनं, प्रमिलाबाईनं, तो पाळण्यात असतानाच ओळखली. "हे पोरगं झोपेतही चालते," असं ती आल्यागेल्याला सांगायची. पुढं बंडीत बसवलं तर हा उडी मारून बैलांच्या पुढं धावायचा. जेवायला बसवलं तर अर्धी भाकर ताटात आणि अर्धी हातात घेऊन अंगणात. समुद्रपूरच्या रस्त्यांनी माणसं पुष्कळ पाहिली. पण एकाच सकाळी एसटी स्टँडवर, तहसिलीपाशी आणि गुजरीच्या बाजारात असा तिन्ही ठिकाणी दिसणारा माणूस एकच होता.

त्याचा थोरला भाऊ मधुकरराव अगदी उलटा. तो बसला की बसला. भर दुपारी विहिरीच्या तळाला पाणी असतं ना, हलत नाही, पण आहे हे आपल्याला माहीत असतं, तसा. वयानं इतका मोठा की नीलेशला त्यानंच बोट धरून शाळेत नेलं, आणि मास्तरांनी विचारलं तेव्हा बाप म्हणून सहीही त्यानंच केली. शेत वडील, प्रभाकरराव, पाहायचे. या दोघा भावांनी स्टँडच्या समोर, ओमप्रकाशशेठच्या किराणा दुकानाला लागून, टायपिंगचं दुकान टाकलं. आधी टाइपरायटर होता, मग कॉम्प्युटर आला. अर्ज, करारनामे, शाळेचे पेपर असं सगळं चाले, पण दुकान जगलं ते लग्नपत्रिकांवर.

पत्रिका करायची त्यांची एक रीत होती. वरचा मजकूर दादाचा. गणपती, श्लोक, मुहूर्त, स्थळ, सगळं तो सावकाश, दोन बोटांनी, शेतात एकेक सरकी टोचावी तसं टाइप करी. मग खुर्चीतून उठे, म्हणे, "नावं बसव," आणि पान खायला जाई. खालची नावं नीलेशची. त्याच्या भटकण्याचा हा उपयोग होता. कोणाचा जावई कोण, कोणता मामा कोणत्या लग्नात रुसला, कोणाच्या नावामागं यंदा 'स्वर्गीय' लागलं, हे त्याला तोंडपाठ. आमच्या भागात पत्रिकेत नाव चुकलं तर माणूस मांडवात येत नाही, आणि नाव एक ओळ खाली गेलं तर येतो पण जेवत नाही. झाडे बंधूंच्या पत्रिकेवरून कोणी उपाशी गेला, असं कधी झालं नाही.

एकच नाव नीलेश बसवत नसे. घरच्या कार्याची पत्रिका असली की स्वतःच्या नावाची जागा तो रिकामी ठेवी. ते दादा भरायचा. "आपलं नाव आपल्या हातानं लिहू नाई," दादा सांगे. "दुसऱ्यानं लिहिलं तरच त्याले वजन."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात इंटरनेटचं वारं तालुक्यापर्यंत आलं. नीलेशनं दुकानात दुसरा कॉम्प्युटर आणला, टेलिफोनची तार जोडली, आणि दहावीचे निकाल पोरांना तिथंच दाखवू लागला. गर्दी व्हायची. दादाला गर्दी आवडत नसे. एक दिवस पत्रिका घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकासमोर तो म्हणाला, "याले काम नाई पाह्यजे, धावपळ पाह्यजे."

घरात म्हणाला असता तर नीलेश हसला असता. पण गिऱ्हाइकासमोर म्हणाला.

"मंग माहा हिस्सा येगळा करा," नीलेश म्हणाला.

वाटणीला ओमप्रकाशशेठ पंच बसले. जुन्या कॉम्प्युटरचा डब्बा, ज्यात मराठीचे फॉन्ट होते, तो दादाला, प्रिंटरही दादाला. नवा डब्बा आणि झेरॉक्स मशीन नीलेशला. इथवर नीट झालं. पण जुन्याचा मॉनिटर महिन्यापूर्वीच व्होल्टेज वाढून जळाला होता, त्याचे कीबोर्ड-माउस तर आधीच मोडीत गेले होते. उरला एक मॉनिटर, एक कीबोर्ड, एक माउस. ते दुकानाच्या नावानं आलेले. कापता येईनात, आणि कोणी सोडेना. दुसरा मॉनिटर आणणं दोघांनाही अशक्य नव्हतं. पण जो आणेल त्यानं असलेल्यावरचा हक्क सोडला, असा अर्थ निघाला असता. म्हणून कोणीच आणला नाही.

शेठच्या मुलानं, रजतनं, तोड काढली. तो नागपूरहून एक लोखंडी डबी घेऊन आला. समोर काळा खटका, पाठीमागं तारांचा गुंता. खटका 'ए'वर केला की मॉनिटर, कीबोर्ड, माउस सगळं दादाच्या डब्ब्याला. 'बी'वर केला की नीलेशच्या.

"लो, झगडा खतम," शेठ म्हणाले. "सकाळी ए, दुपारी बी. आणि दुसऱ्याच्या घरात कोणी डोकावायचं नाई."

दोन्ही डब्बे टेबलाखाली, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि वर एकच स्क्रीन. असा संसार सुरू झाला. तो खटका मात्र सावकाश फिरवावा लागे. घाईनं फिरवला की माउसचा बाण स्क्रीनवर जागच्या जागी थिजून जाई, आणि मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय हलत नसे. दादाच्या हातून असं कधी झालं नाही. नीलेशच्या हातून दर दोन-तीन दिवसांनी व्हायचं.

त्याची सकाळ मोठी वाईट जाई. त्याचा डब्बा टेबलाखाली घुरघुरतोय, लाल दिवा लुकलुकतोय, आत इंटरनेटवरून काहीतरी उतरून घेतलं जातंय, आणि वर स्क्रीनवर दादाचा श्लोक. आपलं काम चाललंय की अडलंय हे कळायला मार्ग नाही. तो झेरॉक्सपाशी उभा राही, बाहेर जाई, चहा सांगे, न पिताच परत येई, वाकून दिवा पाही. पुन्हा बाहेर.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचं ते शेठच्या दुकानाकडं तोंड करून.

"शेठ, कोणाले तरी सांगा, प्रिंटरमधला कागद संपला," नीलेश म्हणे.

"शेठ, सांगून द्या, कागद कपाटातच हाय, कुठी पळून नाई गेला. सगळेच काही पळत नाईत," हे दादाचं.

शेठ साखर तोलता तोलता ओरडत, "अरे भाई, मी किराणावाला हाय, पोस्टमन नाई!"

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी, होळीनंतर, दादाच्या गुंजनचं लग्न ठरलं.

गुंजन म्हणजे नीलेशच्या खांद्यावर वाढलेली पोर. तिला सायकल त्यानं शिकवली, बोर धरण त्यानं दाखवलं. ठरल्याची बातमी तीच दुकानात येऊन सांगून गेली. "काका, पहिल्या दिवसापासून घरी यायचं हं," म्हणाली. दादा तेव्हा 'ए'वर बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

त्या दिवसापासून नीलेशला एकच घोर लागला. पत्रिकेत आपलं नाव येणार की नाही. सख्खा काका, नाव आलं तर गावाला कळेल की खटका फक्त टेबलावरचा आहे. नाही आलं तर कळेल की घरातलाही झाला. पुतणीच्या मांडवात मग कोणत्या तोंडानं उभं राहायचं, आणि नाही राहायचं तर कोणत्या?

चैत्र तापला. आठ-आठ तास वीज नसायची. असली की दादा पत्रिका करत असे, एवढं नीलेशला पाठमोऱ्या दादाकडं पाहून कळे. पण दादाची पाठ रुंद, स्क्रीन दिसत नसे. आणि एक नवीनच गोष्ट त्याच्या ध्यानात आली. एरवी आपली पाळी संपली की दादा आपला डब्बा बंद करून जाई. आता तो चालूच ठेवून जेवायला जाऊ लागला. दुपारभर नीलेश आपलं काम करी, आणि डावीकडून त्या जुन्या पंख्याची खरखर पायाला लागत राही. आत पत्रिका उघडी आहे. एका खटक्यावर आहे.

एक दुपार त्यानं काढली. दुसऱ्या दुपारी तो दोनदा उठून स्टँडवर जाऊन आला, हिंगणघाटच्या गाडीत चढलाही आणि कंडक्टर आल्यावर उतरला. तिसऱ्या दुपारी दुकानात कोणी नव्हतं. त्यानं हात पुढं केला आणि खटका फिरवला.

खाट्.

गणपती होता. श्लोक होता. चि. सौ. कां. गुंजन होती, मुहूर्त होता, स्थळ होतं. आणि त्याखाली पांढरं. नावांची जागा पार मोकळी, वखर फिरवून ठेवलेल्या शेतासारखी. त्यानं माउस हलवला. बाण हलला नाही. घाईनं फिरवला होता. डब्बा बंद करून सुरू करावा तर उघडी पत्रिका मिटणार, म्हणजे तरीही कळणारच.

आता उद्या सकाळी दादा बसेल, थिजलेला बाण पाहील, आणि कळेल की कोणीतरी डोकावलं. कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला पंच लागणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तो भांडणाच्या तयारीनंच. दादा बसला होता. त्यानं डब्बा बंद करून परत सुरू केलेला दिसत होता. आता म्हणेल, मग म्हणेल, नीलेश वाट पाहत राहिला. दादा दोन बोटांनी टाइप करत राहिला. बाराला उठला, डब्बा चालू ठेवला, आणि उन्हातून डोक्याला पंचा गुंडाळून घरी गेला.

यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. नीलेशला त्या दुपारी एकही काम नीट करता आलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तो अंगणात येरझारा घालू लागला. त्याची बायको रूपाली तूरडाळ पाखडत होती. ती सूप थांबवून म्हणाली, "जमिनीत नाली पडन आता. काय झालं?"

त्यानं सांगितलं. डोकावल्याचंही सांगितलं.

"नाव नाई माह्यं," तो म्हणाला. "मोठ्या भावानं कापून टाकलं."

"तुमचंच नाई, का कोणाचंच नाई?"

"कोणाचंच नाई. सारं मोकळं हाय."

"बाबाजीचं?" तिनं सासऱ्यांचं विचारलं.

"नाई."

"मोठ्या भाऊजींचं सोताचं?"

"नाई म्हणलं ना!"

रूपालीनं सूप पुन्हा हलवलं. "मंग कापलं कसं?" ती म्हणाली. "तुमच्या दुकानात नावं बसवते कोण?"

नीलेश थांबला. त्या अंगणात तो असा थांबलेला तिनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला असेल.

दुसऱ्या दुपारी तो खुर्चीवर बसला. आधी तळवे पँटला पुसले. मग खटका धरला आणि फिरवला, इतका सावकाश की तो 'बी' आणि 'ए'च्या मधे कुठं सरकला हे त्यालाही कळलं नाही. माउस हलवला. बाण चालला.

मग त्याची बोटं धावली. आजोबा-आजी, मामा-मामी, आत्या, जावई. समुद्रपूरचे, हिंगणीचे, रोहण्याचे. रोहण्याच्या आत्याचे यजमान मानाचे, त्यांना जावयांच्या आधी. धाकट्या मामाचं आडनाव पूर्ण, नाहीतर तो नवऱ्याकडच्यांपुढं बोलून दाखवतो. काका-काकू एवढं लिहून त्यानं पुढची ओळ रिकामी सोडली. फाइल सेव्ह केली. वीज जायच्या आत दोनदा सेव्ह केली. खटका परत 'बी'वर आणला आणि बाहेर जाऊन रसवंतीवर उसाचा रस मागवला. तोही पुरता प्याला नाही.

सकाळी तो शेठच्या फळीवर बसून राहिला, दुकानात गेला नाही. आतून दादाची दोन बोटं ऐकू येत होती. टक. टक. बराच वेळ काही नाही. टक. मग प्रिंटर खरखरला. दादानं कागद काढला, चष्मा वर करून पाहिला, आणि खटक्याच्या डबीवर ठेवून दिला. दाराकडं पाठ करून बसला.

नीलेशला राहवलं नाही. तो आत गेला, कागद उचलला.

नाव होतं. सौ. रूपाली व श्री. नीलेश. पण कुठं? सगळ्यांच्या वर. आजोबांच्या वर, वधूपित्याच्या वर, श्लोकाच्या लगेच खाली.

"दादा, हे काय करून ठेवलं?" तो ओरडला. दोन वर्षं उलटून गेल्यावर दादाशी बोललेला पहिला शब्द, आणि तोही ओरडून. "बाबाच्या वर पोराचं नाव? लोक शेण घालतीन तोंडात!"

"मले काय समजते क्रमातलं," दादा म्हणाला. "मी तं नाव लिहिलं. बसवायचं काम तुह्यं."

"मंग सांगावं नाई का? इतके दिवस फाइल उघडी ठेवून बसले!"

"ठेवली नाई तं काय. रोज उघडी ठेवून जात होतो. तू येऊन पाह्यलं, माउस मारून गेला, अन् नावं काऊन नाई भरली?" दादानं चष्मा खाली आणला. "मी म्हणलं, रुसला असन. पोरीची पत्रिका काय पाहुण्याकडून करून घेऊ का?"

नीलेशनं खटक्याकडं बोट केलं. तो म्हणाला, "सकाळची पाळी तुमची हाय."

"हाय ना. मंग माह्याच पाळीत बस." दादा उठला. खुर्ची गरम होती.

नीलेश बसला. आपलं नाव त्यानं वरून उचललं, आजोबांच्या खाली आणलं, वधूपित्याच्या खाली आणलं. मग आणखी खाली, आत्यांच्या, मामांच्या रांगेत नेऊ लागला.

"तिथंच ठेव," मागून दादा म्हणाला. "त्याच्या खाली नको नेजो."

शेजारून शेठचा आवाज आला, "काय हो, आज कोणाले काही सांगायचं हाय का?"

नीलेश पुढच्या ओळीला लागला. दादा पान खायला गेला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, एकेक नाव ओठांत वाचत उभा राहिला. टेबलाखाली नीलेशचा पाय आपला हलतच होता, गुडघ्यापासून, न थांबता, आणि जुन्या डब्ब्याचा पत्रा त्यानं वाजत होता.

"पाय आवर," दादा म्हणाला. "डब्ब्याले लागून राह्यला."

"कोणाच्या डब्ब्याले?"

दादानं वाकून टेबलाखाली पाहिलं. मग सरळ झाला आणि म्हणाला, "रोहण्याच्या आत्याचे यजमान एक ओळ वर घे."