सध्या गाडी चालवू नका

किस्से घरातल्या जुन्या किल्ल्यांसारखे असतात. कुठल्या कुलपाची कुठली ते आठवत नाही, पण टाकवतही नाहीत. खण भरत जातो. आमच्या गुरुवारच्या गटाचा खण तर पाच महिन्यांतच बंद व्हायला नको म्हणायला लागला.

आजारपणानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करायची, हे माझं काम. ते मी चार वर्षं स्कॉटलंडमध्ये शिकले. परत येताना माझ्या डोक्यात एक खोली तयार होती. फिकट निळ्या भिंती, गोलात खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा, आणि मनाचा आजार लपवून लपवून खचलेली माणसं, जी माझ्या एका वाक्यानं मोकळी होतील. ते वाक्यसुद्धा मी विमानात लिहून ठेवलं होतं.

मिळाली ती नाहूर स्टेशनजवळ पिठाच्या गिरणीच्या डोक्यावरची खोली. खुर्च्या चार जातींच्या. माणसं खचलेली होती खरी, पण हसत होती, आणि बरंचसं माझ्यावरच. टिश्यूचा पहिला डबा अजून संपलेला नाही. त्यातल्या टिश्यूनं आम्ही खुर्च्यांवरचं पीठ पुसतो.

गट साधा होता. आमच्या क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी ज्यांना आजारामुळे किंवा नव्या गोळ्यांमुळे 'सध्या गाडी चालवू नका' असं सांगितलंय, त्यांनी दर गुरुवारी चारला जमायचं. गाडी सुटली, आता दिवस कसा काढायचा, लोकांना काय सांगायचं, यावर बोलायचं. गट चालवायची मी. नेमानं येणारे तिघं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. हाच सल्ला मलाही मिळाला होता. गटाला ते माहीत नव्हतं. आणि मी तो पाळत नव्हते.

*

पहिल्या गुरुवारी मी सगळ्यांना भावनांचा तक्ता वाटला. बावीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव. आपला आजचा चेहरा शोधायचा.

सावंतकाका भांडुपचे, मूळ मालवणकडचे, चोवीस वर्षं रिक्षा चालवलेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि बावीसच्या बावीस चेहरे नीट तपासले.

"मॅडम, ह्यात रिक्षावालो खंय नाय."

तक्ता घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. पुढच्या गुरुवारी त्यातून शेंगदाणे आणले.

*

काकांचा आजार असा की मन एकदम वर जातं, मग झोपच लागत नाही. गेल्या वर्षी ते तीन रात्री जागे होते आणि चौथ्या दिवशी पहाटे रिक्षा घेऊन निघाले. अंगात अशी ताकद की काय सांगू, म्हणतात. मुलुंडहून थेट दहिसर. वाटेत मागच्या प्रवाशाशी गावच्या आंब्यांवर गप्पा. चेकनाक्याला गाडी लावून "उतरा, इला दहिसर," म्हणत मागे वळले, तर सीट रिकामी. मुलुंडपासून रिकामीच होती.

हा किस्सा काका फार रंगवून सांगतात. सगळे हसतात. मग ते खाली बघून एवढंच म्हणतात की बरं झालं, कोणी बसलेलं नव्हतं.

*

कांबळे टीचर घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवतात. त्यांना डिप्रेशन. गोळ्यांनी दुपारी डोळे मिटायचे, म्हणून स्कूटर बंद. सुनेची स्कूटर का उभी, असं बिल्डिंगमध्ये कोणी विचारायच्या आधीच सासूबाईंनी जाहीर करून टाकलं की तिच्या मणक्यात गॅप आहे.

झालं! पहिल्या मजल्यावरून तेल आलं, तिसऱ्यावरून शेकायची पिशवी, आणि समोरच्या काकूंनी स्वतःचा कमरेचा पट्टा आणून दिला. टीचर बिचाऱ्या जिन्यात कोणी भेटलं की वाकून चालायच्या. दोन महिन्यांत खरंच कंबर दुखायला लागली.

मी पेटून उठले. खरं बोला, म्हटलं. लाज कसली? माझं विमानातलं वाक्यही मी तेव्हाच वापरलं.

टीचर माझ्यापेक्षा धीराच्या. सोसायटीत बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या तयारीची बैठक होती, तिथे त्यांनी सरळ सांगून टाकलं. सासूबाई उठून आत गेल्या. पण पुढच्या आठवड्यात तीन जणी एकेकट्या, एकमेकींना चुकवत, डॉक्टरांची वेळ विचारायला टीचरच्या दारी आल्या.

चौथी आली ती आपला पट्टा परत मागायला.

*

तर, खरं बोला म्हणणारी मी. आता माझं ऐका.

परत आल्यावर तिसऱ्या महिन्यात ऐरोलीकडे वळणाऱ्या सिग्नलवर मी बाबांच्या गाडीत होते. हिरवा झाला, आणि माझे हातपाय माझे राहिले नाहीत. छाती धडधडतेय, घाम, कानात भोंगा. तो कानातला नव्हता, मागच्या टेम्पोचा होता. हवालदार काचेवर वाकला. कुठे जायचंय, असं त्यानं विचारलं. मला आठवेना. तसं मी सांगितलंही.

"मग घाई काय आहे मॅडम," तो म्हणाला, "बाजूला घ्या."

असं आणखी दोनदा झालं. मग मी डॉक्टर गाठला, तोही पार घाटकोपरला, म्हणजे नाहूरचं कोणी भेटायला नको. त्यांनी पॅनिक अटॅक म्हणून गोळी लिहून दिली आणि ती अंगवळणी पडेपर्यंत, अटॅक थांबेपर्यंत, गाडी नको म्हणाले. काही आठवड्यांचा प्रश्न आहे. मी मान हलवली, बाहेर आले आणि गाडी चालवत घरी गेले.

कारण काय, तर गट घेणारी बाईच रिक्षातून उतरली तर लोक काय म्हणतील! म्हणून दर गुरुवारी गाडीनंच जायचं. मात्र गिरणीसमोर मोकळी जागा असताना ती दोन गल्ल्या सोडून, बागेमागे लावायची.

*

निलेश मुलुंडचा, सव्वीस वर्षांचा, मोबाइल दुरुस्त करतो. त्याला बाइकवर असताना अटॅक यायचे. डॉक्टर मॅडमनी सांगितल्याबरोबर त्याच्या आईनं बाइकची किल्ली लपवली. दर रविवारी हा घरभर शोधायचा. कपाट, देव्हारा, गॅसच्या मागे. आई सोफ्यावर बसून शांतपणे बघत राहायची.

मला काळजी वाटली. म्हटलं, ही ओढ फार आहे, यावर काम करायला हवं. त्याच्यासाठी मी दोन पानांचा प्लॅनही बनवला.

तो वाचून निलेश म्हणाला, "अहो, किल्ली तांदळाच्या डब्यात आहे. घरी भात मीच लावतो."

मग शोधतोस कशाला रे?

"आईला बरं वाटतं ना, नीट लपवली म्हणून."

*

काकांची रिक्षा सध्या त्यांचा भाचा मंगेश चालवतो. काकांना घरी बसवत नाही, म्हणून सकाळचे दोन तास ते मागे बसून फिरतात. प्रवाशानं हात केला की आत काका आधीच असतात. थोडे सरकतात, जागा करून देतात आणि मंगेशच्या मानेमागून सूचना सुरू करतात. हॉर्न कशाला. ती बाई उतरणार आहे, आत्ताच ब्रेक घे. ह्या वळणाला मी कधी दुसरा गिअर टाकलेला नाही.

आठव्या दिवशी मंगेश डॉक्टर मॅडमसमोर येऊन बसला. त्यानं काकांचा कागद पुढे केला. त्यावर 'गाडी चालवू नये' लिहिलं होतं. त्याच्या खाली 'गाडी चालवणाऱ्यालाही चालवू नये' असं लिहून द्या, म्हणाला.

मॅडमनी दिलं. शिक्का मारून.

*

गोळी सुरू होऊन अडीच आठवडे झाले, त्या गुरुवारी मी गटात जोरदार बोलले. आजारापेक्षा लपवणं वाईट. आपण चालवायचं थांबवतो ते आपल्यासाठी नाही, रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी. इतकी छान बोलत होते की मलाच भरून आलं. मध्ये दोनदा उठून पाण्याची बाटली भरून आणली, कारण तोंड कोरडं पडत होतं.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा कांबळे टीचर वहीवरून नजर न काढता म्हणाल्या, "तिसरी."

उकडतंय फार, मी म्हटलं.

डिसेंबर होता. तिघंही हो म्हणाले. गोळ्यांनी तोंड सुकतं म्हणून निलेश खिशात खडीसाखरेची पुडी बाळगतो, ती त्यानं काढून माझ्यासमोर ठेवली, आणि काकांनी आंब्यांचा विषय काढला.

*

साडेपाचला गट सुटला. मी फाइल आवरत उगाच दहा मिनिटं काढली आणि सगळे गेले असतील अशा बेतानं बागेमागे आले. गाडीला टेकून तिघं उभे होते.

काकांनी विचारलं, भांडुपपर्यंत सोडाल का? मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? काका मागे बसले. त्यांच्या शेजारी टीचर. निलेशचं घर मुलुंडला, म्हणजे बरोबर उलट्या बाजूला, पण तोही पुढे बसला आणि त्यानं बेल्ट लावला.

मी किल्ली लावली. फिरवली नाही.

आरशात टीचर आणि काका दिसत होते. दोघंही समोर बघत होते. मंगेशला श्वास घेऊ न देणारे काका मांडीवर हात ठेवून अगदी गप्प. बागेत कोणाचा तरी बॉल जाळीवर आपटत होता, तेवढाच आवाज.

"गोळीला किती दिवस झाले?" टीचरनी विचारलं. वर्गात विचारावं तसं, साधं.

"सतरा."

"आणि डॉक्टर काय म्हणाले?"

ते मी सांगितलं नाही. गाडीतल्या चौघांनाही ते वाक्य पाठ होतं.

"पण मी ठीक आहे," मी म्हणाले. "मला चालवता येतं."

काका थोडे पुढे वाकले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

"तसा तर आमका तिघांकय वाटता गो."

आणि कोणीच उतरलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली बाबांच्या हातात दिली. गाडी कालपासून नाहूरला बागेमागेच आहे, म्हटलं. मग क्लिनिकला फोन लावला आणि गुरुवारच्या गटात एक नाव वाढवायचंय असं सांगितलं. डॉक्टर मॅडमनी यादी पुढे ओढल्याचा आवाज आला.

"पेशंटचं नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.